आंबोळगडची वस्तीची गाडी

राजापूर तालुक्यातल्या आंबोळगड गावाला लोक सहसा स्वतःच्या गाडीने येतात. वाटेत नाटे गावचा यशवंतगड किल्ला, मग गोडिवण्याचा किनारा, दोनचार फोटो, की अंधाराआधी परत. मी मात्र राजापुरातून वस्तीची एसटी धरली. ज्यांच्या गावाला ती कधी आली नाही त्यांच्यासाठी सांगतो: संध्याकाळची ही शेवटची गाडी रात्री गावातच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून परत निघते. १९४८ साली पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, त्यानंतर आडगावांपर्यंत एसटी पोचली त्यात या वस्तीच्या गाड्यांचा वाटा मोठा. पहाटे दवाखाना, कोर्ट, कॉलेज गाठायचं तर दुसरं होतं काय?

माझे बाबा या मार्गावर कंडक्टर होते.

गाडीत गर्दी बेताची. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळे बाजार करून परतणाऱ्या बायकाच जास्त. कंडक्टर पोरगेलासा, हातात मशीन. बाबांच्या काळी ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये रंगीत तिकिटांचे गठ्ठे असायचे आणि चिमट्याची टकटक. एखादा गठ्ठा हरवला तर वसुली पगारातून. गाव मागे पडलं आणि कातळाचे सडे सुरू झाले. पावसाळा नुकताच सरलेला, गवत पिवळं पडायला लागलेलं. नाट्याच्या अलीकडे खिडकीतून मासळीचा वास आला आणि बाबांचा खाकी शर्ट आठवला. आई तो नेहमी वेगळ्या बादलीत भिजवायची.

आंबोळगडला पोचलो तेव्हा काळोख झाला होता. थांब्यासमोरच्या घरात राहायची सोय होती. तिथल्या आजींना बाबांचं नाव सांगितलं, तर त्यांनी दिवा वर करून माझा चेहराच पाहिला. "मास्तरांचा पोरगा काय तू? दहावीचा तो तूच?"

दहावीला होतो तेव्हा आम्ही राजापुरात एका खोलीत भाड्याने राहत होतो. मी आणि ताई दोघेही परीक्षेचे. बाबा त्या वर्षी घरी फारसे नसायचेच. त्यांना वस्ती आवडते असं आमच्या घरात धरूनच चाललेलं. आजी म्हणाल्या, "आवडतंय कुणाला? दुसऱ्यांच्या वस्त्या मागून घ्यायचा. म्हणायचा, पहिली पाळी असली की मला लवकर झोपावं लागतं, मग घरात दिवा मालवतात. पोरांनी वाचायचं कधी?"

बाबांचं अंथरूण पडायचं त्याच जागी मी पाट मांडून रात्री बारापर्यंत भूमितीची प्रमेयं घोकायचो. जागा मोकळी का, हे मी कधी विचारलं नाही. आईनेही सांगितलं नाही. हे दोघांनी मिळून ठरवलेलं असणार.

जेवण झाल्यावर गाडीपाशी गेलो. ड्रायव्हर मच्छरदाणी बांधत होता. कंडक्टरला म्हटलं, जरा आडवा होऊन बघू? तो हसला आणि सरकला. तिघांच्या बाकावर माझे पाय मावेनात. गुडघे पोटाशी घेतले तर कूस बदलता येईना, सरळ केले तर पावलं वाटेत लोंबायला लागली. बाकाची लोखंडी कड नेमकी कमरेत. समुद्रावरचा वारा सुटला की खिडक्यांची तावदानं खडखडायची. बाबा माझ्यापेक्षा उंच. त्यात तिकिटांची पेटी उशाला, रोकडीची पिशवी मनगटाला बांधलेली, असं आजींनीच सांगितलं. जेमतेम दहा मिनिटांत मी उठलो. कंडक्टर म्हणाला, "सवय होते हो." मला ते फारसं पटलं नाही.

पहाटे आजींनी न विचारताच चहा दिला. नाट्याला मासळीच्या पाट्या चढल्या, त्यावरून थोडी बाचाबाची झाली, मग सगळे पेंगले.

राजापुरात उतरून बाबांना फोन लावला. आजी काय म्हणाल्या ते सांगितलं. पलीकडे क्षणभर काही नाही. मग म्हणाले, "म्हातारी अजून आहे होय! बरं, गाडी वेळेवर सुटली ना?"

"दहा मिनिटं उशिरा."

"कंडक्टर नवीन असेल," बाबा म्हणाले, आणि नाट्याच्या रस्त्याचं काम झालं का ते विचारायला लागले.