दोन अपस्ट्रीम, एक राउटर: निवड झाली, आता घडी बसवणं चालू

राउटर ठरला. पंख्याविना चालणारा छोटा एक्स८६ बॉक्स, इंटेलचे चार इथरनेट पोर्ट, आठ जीबी रॅम, वर लिनक्स आणि बीजीपीसाठी, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना वाटा सांगायच्या प्रोटोकॉलसाठी, बर्ड नावाचं सॉफ्टवेअर. कंपनीचा तयार राउटर, एल३ स्विच (राउटिंगही करणारा स्विच) आणि हा बॉक्स असे तिन्ही पर्याय नीट पारखून झाल्यावर इथवर आलोय. का आलो ते सविस्तर लिहितो, कारण छोट्या मल्टिहोम, म्हणजे एकाहून जास्त पुरवठादारांशी जोडलेल्या, नेटवर्कसाठी राउटर शोधणाऱ्या प्रत्येकाला याच प्रश्नांतून जावं लागतं.

मांडणी अशी: स्वतःचा एएसएन (बीजीपीतला आपल्या नेटवर्कचा क्रमांक), आयपीव्ही४ पत्त्यांचा एक /२४ तुकडा आणि आयपीव्ही६चा एक /४८. याहून लहान तुकडा जाहीर केला तर जगभरातली बहुतेक नेटवर्कं तो गाळून टाकतात, म्हणजे स्वतःच्या पत्त्यांवर मल्टिहोमिंग करायची ही सगळ्यात खालची पायरी. दोन वेगळे अपस्ट्रीम, म्हणजे इंटरनेट पुरवठादार, दोघांकडून एकेक गिगाबिट, दोघांशीही बीजीपी.

आधी वेगाचा विषय संपवतो. डेटाशीटवर ठळक छापलेला गिगाबिटचा आकडा बहुतेक वेळा मोठ्या पॅकेटांचा असतो. पंधराशे बाइटच्या पॅकेटांनी एक गिगाबिट भरायला सेकंदाला साधारण ८१ हजार पॅकेटं लागतात. ६४ बाइटच्या फ्रेमांनी तीच लिंक भरायची तर १४ लाख ८८ हजार. त्यामुळे सेकंदाला किती पॅकेटं, तीही फायरवॉल चालू असताना, एवढंच बघा. आमच्या दोन गिगाबिटांसाठी आजचा कुठलाही बरा प्रोसेसर पुरून उरतो, म्हणून मी यात फार अडकलो नाही.

खरी निवड ठरते ती एका प्रश्नावर: पूर्ण टेबल, म्हणजे जगातल्या सगळ्या रूटांची (वाटांची) यादी, घ्यायचं की नाही?

जगाचं आयपीव्ही४ टेबल आता दहा लाख रूटांच्या घरात आहे, आयपीव्ही६चं दोन लाखांच्या वर. दोन अपस्ट्रीम म्हणजे या सगळ्याच्या दोन प्रती राउटरने लक्षात ठेवायच्या. ही झाली रिब. त्यातून निवडलेला एकेक रूट पॅकेट पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेत बसवायचा, ती फिब. रिब साध्या रॅममध्ये राहते, तिथे चिंता नाही. स्विच आणि मोठ्या राउटरांत फिब मात्र टीकॅम नावाच्या खास मेमरीत असते, आणि तिची जागा मोजून मापून दिलेली असते. १२ ऑगस्ट २०१४ला जगाचं टेबल काही काळ ५१२के, म्हणजे सुमारे पाच लाख बारा हजार रूटांच्या पार गेलं आणि टीकॅममध्ये तेवढीच जागा राखलेले जुने राउटर जागोजागी कोलमडले. एल३ स्विच मी याच कारणाने यादीतून काढला. त्याचा वेग बघून हात शिवशिवतात, पण पूर्ण टेबल त्याच्या फिबमध्ये मावत नाही. लिनक्सची फिब रॅममध्येच असते, त्यामुळे दहा लाख रूट कर्नल मुकाट्याने पचवतो.

तयार राउटरांपैकी मायक्रोटिकचा सीसीआर२००४ शेवटपर्यंत शर्यतीत होता. चार कोअरचा एआरएम, चार जीबी रॅम, पोर्ट भरपूर. राउटरओएस ६मध्ये बीजीपीचं सगळं काम एकाच कोअरवर व्हायचं आणि पूर्ण टेबलाला ते जड जायचं. ७मध्ये तो भाग नव्याने लिहिला गेलाय. ज्याला लिनक्सची देखभाल करायची हौस नाही त्याने तोच घ्यावा, असं मी मनापासून सांगेन. मला फिल्टर स्वतःच्या हाताने लिहायचे होते, तेवढ्यावर पारडं फिरलं.

पण पूर्ण टेबल मुळात हवं कशाला? नुसता डिफॉल्ट रूट (सगळ्या पत्त्यांसाठी एकच सरसकट वाट) घेऊनही मल्टिहोमिंग होतं, राउटर अगदी किरकोळ चालतो, आणि बाहेरून येणारा ट्रॅफिक दोन्ही वाटांनी येतोच. अडचण अपस्ट्रीमच्या पोटात बिघाड झाला की कळते. आपल्यापर्यंतची लिंक ठणठणीत, बीजीपी सत्र चालू, डिफॉल्ट रूट हजर, आणि पॅकेटं मात्र पुढे कुठल्यातरी खड्ड्यात. पूर्ण टेबल असेल तर त्या दिशेचे रूट मागे घेतले जातात आणि ट्रॅफिक आपोआप दुसऱ्या अपस्ट्रीमकडे वळतो. मधला मार्गही आहे: डिफॉल्ट, आणि जोडीला त्या अपस्ट्रीमचे स्वतःचे व त्याच्या ग्राहकांचे रूट. रॅम किंवा फिब तोकडी असेल तर हाच घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

मी दोघांकडूनही पूर्ण टेबल घेतलं आणि डिफॉल्ट नाकारला. यामागे आरपीकेआयचं, म्हणजे कुठला पत्ता कोणत्या एएसएनने जाहीर करायचा हे तपासणाऱ्या व्यवस्थेचं, कारण आहे. अवैध ठरलेले रूट मी टाकून देतो. पण डिफॉल्ट शिल्लक असेल तर त्याच पत्त्याचं पॅकेट गुमान डिफॉल्टने बाहेर पडतं आणि तपासणीला फारसा अर्थ उरत नाही. याची किंमत राउटर रीबूट झाल्यावर मोजावी लागते: टेबल भरेपर्यंत बाहेर जायची वाटच नसते. म्हणून आपला प्रिफिक्स (पत्त्यांचा तुकडा) जाहीर करायचं काम टेबल भरल्यानंतर सुरू होईल असं बांधून घेतलंय. आणि हो, स्वतःच्या प्रिफिक्सचा आरओए (तो कोणता एएसएन जाहीर करू शकतो याची आरपीकेआयमधली नोंद) आधी करा, त्यातली कमाल लांबीही बघून घ्या. /२२चा आरओए तेवढ्याच लांबीपुरता असेल आणि तुम्ही त्यातला /२४ जाहीर केलात तर तुमचाच रूट अवैध ठरतो.

बीजीपीचं सॉफ्टवेअर एफआरआर घ्यायचं की बर्ड, यावर बराच विचार झाला. एफआरआर २०१७मध्ये क्वागा या जुन्या राउटिंग सॉफ्टवेअरमधून वेगळा निघाला, त्याची कमांड लाइन सिस्को हाताळलेल्यांना लगेच ओळखीची वाटते, ओएसपीएफ (आतल्या वाटांचा प्रोटोकॉल) ते बीएफडी (समोरची बाजू जिवंत आहे का हे सतत तपासणारा) सगळं एका छताखाली. बर्ड चेक प्रजासत्ताकातला, सीझेड.एनआयसीकडे वाढलेला, कितीतरी इंटरनेट एक्स्चेंजांचे रूट सर्व्हर त्याच्यावर चालतात. त्याचा फिल्टर म्हणजे छोटा प्रोग्रामच असतो: अटी लिहा, फंक्शन करा, दोन्ही सत्रांना तेच वापरा. वाचायला इतका सरळ की महिन्यांनी उघडला तरी आपण काय ठरवलं होतं ते कळतं.

आता ज्या चाचणीने माझा सगळ्यात जास्त वेळ घेतला ती. अपस्ट्रीमचं फायबर मीडिया कन्व्हर्टरमध्ये येतं आणि तिथून तांब्याची केबल राउटरला. लॅपटॉपवर एका खिडकीत बाहेरच्या पत्त्याला पिंग लावला, दुसरीत बर्डचा सत्रांचा तक्ता, आणि कन्व्हर्टरमधून फायबर उपसलं. पिंगची उत्तरं तिथल्या तिथे थांबली. राउटरच्या पोर्टवरचा हिरवा दिवा मात्र तसाच, कारण कन्व्हर्टरपर्यंतची केबल शाबूत होती. तक्त्यात सत्र अजून प्रस्थापित. राउटरच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही, तो बिनदिक्कत पॅकेटं त्या मेलेल्या वाटेवर ढकलतोय. होल्ड टाइम, म्हणजे समोरून काहीच ऐकू आलं नाही तर सत्र पाडायची मुदत, ९० सेकंदांचा ठेवला होता. तो संपल्यावरच सत्र पडलं, रूट वळले आणि पिंग परत आला.

दीड मिनिट अंधार! कागदावर दोन लिंक आहेत आणि हाताशी एकही नाही. राउटर निवडताना बीएफडीचा आधार आहे का हे मी वेगाच्याही आधी बघायला सांगतो ते यासाठी. तीनशे मिलिसेकंदांच्या अंतराने पाठवलेली तीन पॅकेटं चुकली की सत्र पाडायचं, म्हणजे सेकंदाच्या आत सुगावा. एका अपस्ट्रीमने विचारताच बीएफडी चालू करून दिलं. दुसऱ्याकडे ते मिळत नाही, तिथे होल्ड टाइम ३० वर आणलाय. दोन्ही बाजूंच्या आकड्यांतला लहान आकडाच लागू होतो, त्यामुळे हे आपल्या बाजूने करता येतं. नियमाप्रमाणे तीन सेकंदांपर्यंत उतरता येतं, पण इतकं खाली जाऊ नका. प्रोसेसर क्षणभर गुंतला तरी धडधाकट सत्र पडायला लागतं.

सुगावा लागला तरी काम तिथे संपत नाही. पडलेल्या अपस्ट्रीमकडे वळवलेले लाखो रूट कर्नलमध्ये एकेक करून बदलावे लागतात आणि त्यात काही सेकंद जातात. पूर्ण टेबलाचा हा भार मी समजून उमजून उचललाय.

लिनक्सवर याच मार्गाने जाणाऱ्यांनी आरपी_फिल्टर (आलेलं पॅकेट योग्य वाटेने आलं का हे त्याच्या उगमपत्त्यावरून तपासणारी कर्नलची सेटिंग) आठवणीने तपासा. दोन अपस्ट्रीम असले की पॅकेट एका वाटेने येतं आणि उत्तर दुसऱ्या वाटेने जातं, यात वावगं काहीच नाही. आरपी_फिल्टर १ वर, म्हणजे कडक असेल तर कर्नल अशी येणारी पॅकेटं चुपचाप टाकून देतो. अपस्ट्रीमकडच्या पोर्टांवर २, म्हणजे सैल, ठेवा. आपल्या आतल्या बाजूला मात्र कडकच हवं, म्हणजे खोट्या पत्त्याचं पॅकेट आपल्याकडून बाहेर पडत नाही.

बाहेर जाणाऱ्या रूटांच्या फिल्टरबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे. एका अपस्ट्रीमकडून शिकलेले रूट दुसऱ्याला सांगितले की आपला चिमुकला राउटर दोन मोठ्या नेटवर्कांमधला पूल होऊन बसतो. २४ जून २०१९ला नेमकं हेच घडलं. पेनसिल्व्हेनियातल्या एका कंपनीच्या मल्टिहोम जोडणीतून एका अपस्ट्रीमचे रूट दुसऱ्या, फार मोठ्या अपस्ट्रीमकडे गेले, त्याने ते गाळले नाहीत, आणि इंटरनेटचा मोठा भाग काही तास अडखळला. माझ्या फिल्टरमध्ये दोनच प्रिफिक्स बाहेर जाऊ शकतात, बाकी सगळ्याला नकार. आरएफसी ८२१२ या इंटरनेट मानकाने २०१७मध्ये धोरण न लिहिलेल्या सत्रावर काहीच देऊ-घेऊ नये असं ठरवलं. बर्ड आणि एफआरआर दोघेही ते पाळतात. जो राउटर पाळत नाही तो घेतलात तर ही खबरदारी तुमच्या डोक्यावर.

येणारा ट्रॅफिक वळवणं हा भाग अजून अर्धाच झालाय. दुसरी लिंक राखीव ठेवायची म्हणून तिकडे आपल्या रूटचा पाथ (वाटेतल्या एएसएनांची साखळी) आपला एएसएन तीनदा जोडून लांबवला, तरी तिथून ट्रॅफिक येतच राहतो. कारण सरळ आहे: तो अपस्ट्रीम आपल्या ग्राहकाकडून आलेल्या रूटला जास्त लोकल प्रेफरन्स (स्वतःच्या नेटवर्कपुरता पसंतीक्रम) देतो, आणि लोकल प्रेफरन्सपुढे पाथची लांबी बघितलीच जात नाही. त्यावर उपाय त्याच्या कम्युनिटीचा, म्हणजे रूटला लावायच्या खुणेचा. ती लावून आपल्या रूटचा प्रेफरन्स त्याच्याकडेच कमी करून घ्यायचा. अपस्ट्रीम निवडतानाच कम्युनिटींची यादी मागून घ्या.

ज्यांच्याकडे एएसएन नाही त्यांच्यासाठी: दोन साध्या जोडण्या आणि नॅट (आतल्या पत्त्यांऐवजी जोडणीचा पत्ता लावणं) असेल तर ओपनडब्ल्यूआरटीवरचं एमवॅन३ किंवा पीएफसेन्सचे गेटवे गट उत्तम काम करतात. लिंक जिवंत आहे का हे तपासायला गेटवेच्या पलीकडचा पत्ता द्या. वाट बदलली की पत्ता बदलतो, म्हणून चालू असलेली कनेक्शनं तुटणारच. एक जोडणी पीपीपीओई असेल तर तिचा एमटीयू (पॅकेटाची कमाल लांबी) १४९२ असतो, तेव्हा एमएसएस क्लॅम्प (टीसीपीची पॅकेटं तेवढ्यात बसवणारी सेटिंग) लावून ठेवा.

राहिलेलं काम: सीरियल कन्सोलची जोडणी, कारण फिल्टर बदलताना नेटवर्कवरूनच आत शिरलेलं असणं धोक्याचं. मग तसाच दुसरा बॉक्स, दोघांत आयबीजीपी (एकाच नेटवर्कच्या आतलं बीजीपी) आणि आतल्या बाजूला व्हीआरआरपी, म्हणजे एक बॉक्स पडला तर दुसरा त्याचा गेटवे पत्ता घेईल. सध्या लिंक दोन असल्या तरी वीजपुरवठा एकाच अडॅप्टरचा आहे. त्याआधी ६५५३५:० ही ग्रेसफुल शटडाउनची कम्युनिटी दोन्ही अपस्ट्रीम मानतात का ते तपासायचंय; मानत असतील तर कर्नल बदलताना ट्रॅफिक आधीच एका बाजूला सारून ठेवता येईल.