आईचं इन्सुलिन आणि मुंबई-लंडन फ्लाइटचा हिशोब

मार्चमध्ये आई एकटी ताईकडे लंडनला गेली, आणि मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं तिच्या इन्सुलिनचं. जाण्याआधी डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, एकूण किती तास विमानात असणार? मी तिकीट काढून बघितलं, मुंबईहून दुपारी 1:15 आणि लंडनला संध्याकाळी 5:45, सांगून टाकलं साडेचार तास. ते म्हणाले अहो लंडन आहे, दुबई नाही, नीट बघून या.

घरी येऊन वही घेऊन बसलो. तिकिटावर सुटायची वेळ इथली असते आणि पोचायची तिथली, आणि मार्चच्या सुरुवातीला लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणजे साडेचार अधिक साडेपाच, पूर्ण 10 तास! मग अंतर बघितलं, सरळ मोजलं तर साधारण 7,200 किलोमीटर. भाचीचा जुना पृथ्वीगोल होता माळ्यावर, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबून लंडनपर्यंत ताणला तर तो पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र असा वरून गेला, भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली की रस्ता खाली इराकवरून जातो. गोलावरचा रस्ताच खरा जवळचा. आई म्हणाली, "अरे पण विमान दोऱ्यावरून थोडंच जातं?" बरोबर होतं तिचं, एप्रिल 2025 पासून आपल्या कंपन्यांच्या विमानांना पाकिस्तानवरून जायला बंदी आली, मग वळसा आलाच.

ताशी 850-900 चा वेग धरला तरी 8 ते साडेआठ तासच येत होते, मग बाकीचा वेळ कुठे गेला? एक तर तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, रनवेपर्यंतची रांग, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरायच्या आधी आकाशात मारलेल्या फेऱ्या सगळं त्यात आलं. आणि दुसरं म्हणजे वारा, वरती पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जाताना समोरून येतात आणि येताना पाठीवर घेतात.

परतीचं तिकीट मे मधलं, रात्री 9:30 ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 10:35. 13 तास 5 मिनिटांतून साडेपाच वजा केले तर 7:35 आले, मला ते पटेना, इतकं कमी कसं. ताईला फोन केला तर ती म्हणाली अरे मार्चच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळ एक तास पुढे करतात, साडेचारच वजा कर. मग आलं 8 तास 35 मिनिटं, आणि जीव भांड्यात पडला.

हे दोन्ही आकडे घेऊन परत डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी कुठला डोस कधी ते सगळं भारतीय वेळेत लिहून दिलं (हे मात्र आपल्या मनाने ठरवू नका, प्रत्येकाचं वेगळं असतं). पेन, सुया, चिठ्ठी सगळं हँडबॅगेत, कारण खाली सामानात इन्सुलिन गोठू शकतं. आईला सांगितलं, ताईच्या घरी जाऊन जेवेपर्यंत घड्याळाला हात लावायचा नाही.

रात्री साडेबाराला ताईचा फोटो आला, टेबलावर वरणभात, शेजारी आईचा हात, आणि मनगटावरच्या घड्याळात साडेबाराच वाजलेले.