तुम्ही विचारलंत म्हणून : ‘गेमसारखीच आहे ना?’

वहिनीने विचारलं. पणजीत पाटोला ऑफिसात डबा उघडता उघडता दोघांनी विचारलं. चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना मामेभावाने शिडीवर उभं राहून, हातातला नारळ तसाच धरून विचारलं. ‘द लास्ट ऑफ अस’ ही एचबीओची मालिका जानेवारी २०२३मध्ये आली, तेव्हापासून प्रश्न एकच आहे : “तू तर तो गेम इतकी वर्षं खेळतोस. सिरियल गेमसारखीच आहे ना?”

मी दर वेळी “हो, बरीचशी” म्हणून सुटत आलो. ते खोटं नव्हतं. पण असं उत्तर दिलं की पुढे तासभर मला चैन पडत नाही, म्हणून आज नीट सांगतो.

मालिका मला आवडली, हे आधी ऐकून घ्या. “गेमवाल्यांना काहीच आवडत नाही” हे ऐकून मी कंटाळलो आहे. बुरशीच्या साथीने उद्ध्वस्त झालेल्या जगात एली नावाच्या मुलीला सांभाळून नेणारा पेद्रो पास्कालचा जोएल मला पटला. बेला रॅम्झीच्या चेहऱ्यावरून लोकांनी जे अकांडतांडव केलं त्याची मला लाज वाटली. ती एली आहे, प्रश्न मिटला. गेम लिहिणारा नील ड्रकमन स्वतः, मालिका उभी करणाऱ्या क्रेग मेझिनबरोबर, मालिकेत होता. संगीतही गेमच्याच गुस्तावो सान्ताओलायाचं. पहिल्या भागात त्या तारा वाजल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि दादाने “काय रे, थंडी वाजते?” म्हणून विचारलं.

तरीही उत्तर ‘हो’ नाही.

२०२०मध्ये मालिकेची घोषणा झाली तेव्हा मी मित्रांना भलामोठा मेसेज पाठवला होता : काहीही बदलू नका, जसं आहे तसं करा. तो मेसेज अजून माझ्याकडे आहे, आणि तो लिहिणाऱ्या मुलाशी आता माझं पटत नाही. गेममध्ये बुरशीचे बीजाणू हवेत तरंगतात, जोएल मास्क चढवतो. मालिकेने बीजाणू काढून टाकले आणि तंतू आणले. यावर मी आठवडाभर धुसफुसत होतो. मग तिसरा भाग आला. गेममधला बिल एकटा, कडवट माणूस. त्याचा जोडीदार फ्रँक गळफास घेऊन मेलेला सापडतो आणि मागे तिरस्काराने भरलेली चिठ्ठी ठेवतो. मालिकेने हे सगळं उलटं केलं. त्या दोघांना अख्खं आयुष्य दिलं, म्हातारपण दिलं, आजारपण दिलं. माझ्या आईने आजीचं पाच वर्षं अंथरुणावर सगळं केलं. तो भाग संपल्यावर ती एवढंच म्हणाली, “किती केलं त्याने त्याचं.” मी उठून व्हरांड्यात गेलो. ज्या भागात माझ्या गेममधलं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं, त्याच भागाने मला रडवलं.

आणि जिथे त्यांनी गेम जसाच्या तसा उचलला, तिथे मी कोरडा राहिलो. शिडीचंच बघा. खेळताना कितीतरी वेळा तुम्ही भिंतीला पाठ लावता, त्रिकोणाचं बटण दाबता, एली धावत येते, तुम्ही तिला वर चढवता, ती वरून शिडी सोडते. तिला पोहता येत नाही, म्हणून पाण्यातून लाकडी फळकुटावर बसवून ढकलत न्यायचं. हेही पुन्हा पुन्हा. कंटाळा येतो, आणि तो यायलाच हवा, कारण त्यानेच हाताला सवय लागते. मग शेवटाकडे, सॉल्ट लेक सिटीत, तुम्ही नेहमीसारखे भिंतीपाशी जाता आणि ती येतच नाही. आपल्याच विचारात हरवून बसलेली असते. कुणीही काहीही न सांगता तुम्हाला कळतं की हिवाळ्यात जे घडलं त्याने या मुलीचं काहीतरी मोडलं आहे. ते आधी अंगठ्याला कळतं, मग डोक्याला.

त्यानंतर ती वर जाते, शिडी टाकून देते आणि पळत सुटते, आणि पुढे जिराफ. मालिकेतही शिडी आहे, ती टाकून पळणं आहे, कॅल्गरीच्या प्राणिसंग्रहालयातला खराखुरा जिराफ आहे. सुंदर आहे सगळं. पण ज्याने ती शिडी आधी इतक्या वेळा मागितलेलीच नाही, त्याला ती पडल्याचा आवाज कसा ऐकू येणार? चूक मालिकेची नाही. नऊ भागांत कोण कुणाला वीस वेळा शिडीवर चढवून दाखवेल?

आता मुख्य गोष्ट. ती मी घरात कुणाला सांगितली नव्हती.

गेम १४ जून २०१३ला आला. माझ्या हातात पडला तो महिन्याच्या शेवटी, पहिल्या पगारातून. मी बावीस वर्षांचा होतो. फोंड्याजवळच्या आमच्या घरावर पाऊस नुसता कोसळत होता आणि वीज दिवसातून चार वेळा जात होती. गेम जिथे शेवटचा जतन झालेला असायचा तिथून पुन्हा सुरू करायचा, असं करत करत मी त्या इस्पितळापर्यंत पोचलो. तुम्हाला प्रसंग माहीत आहे : एलीला बुरशीची बाधा होत नाही, तिच्या मेंदूतून लस काढायची, त्यात ती मरणार. जोएलची स्वतःची मुलगी वीस वर्षांपूर्वी त्याच्या हातांत मेलेली. तो सगळ्यांना मारत शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो. आत दोन परिचारिका आणि एक डॉक्टर. डॉक्टरच्या हातात छोटी सुरी, एवढंच त्याचं हत्यार.

इथे मी थांबलो. तोवर शेकडो माणसं मारली होती, पण ती अंगावर चालून येत होती. हा माणूस येत नव्हता. तो पलंगाच्या आड उभा होता. मला वाटलं, थोडा वेळ काही केलं नाही तर गेमच काहीतरी करेल. कुणी बोलेल, डॉक्टर बाजूला होईल. मी कंट्रोलर मांडीवर ठेवला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कौलांवर पाऊस वाजत होता, आई आतून पेज थंड होतेय म्हणून हाका मारत होती. पडद्यावर चौघं जण तशीच. मग मी ठरवलं, मारायचं नाही, फक्त जखमी करायचं. नीट नेम धरून त्याच्या पायावर गोळी झाडली.

तो मेला. पायाला लागलेल्या एका गोळीने तो मेला.

गेम बनवणाऱ्यांनी ते तसंच ठेवलं आहे : काहीही करा, तो मरणार. हे मला खूप नंतर कळलं. त्या रात्री मला वाटलं, माझा नेम चुकला. मी एलीला उचललं आणि धावत सुटलो, आणि खरं सांगतो, तेव्हा मला आनंद झाला होता. ती हातांत होती. मागे काय पडलं आहे त्याकडे मी वळून पाहिलंच नाही. जेवायला बसलो तेव्हा हात थरथरत होता. आई म्हणाली, “किती वेळ खेळतोस ते, बघ डोळे कसे झालेत.” मी काय सांगणार होतो?

सात वर्षांनी, २०२०च्या जूनमध्ये, दुसरा गेम आला आणि त्यात कळलं की त्या डॉक्टरला मुलगी होती. ॲबी. तिने जोएलला गोल्फच्या काठीने मारलं. कित्येक तास मी तिचा द्वेष केला आणि मग गेमने मलाच ॲबी बनवून तिच्या बाजूने चालायला लावलं. दुसऱ्या पर्वात मालिकेने तिचं कारण आधीच सांगून टाकलं. प्रेक्षकांवर ती दया असेल. माझ्यावर कुणी दया केली नव्हती, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

तर मार्च २०२३, शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या होळीचे दिवस. पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग आम्ही सगळ्यांनी बसून पाहिला. इस्पितळातला संहार मालिकेने आवाज दबवून, संगीतावर नेला. डॉक्टर एका क्षणात खाली पडला. खोलीत कुणीच बोललं नाही. मग आईने टीव्हीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

“हें तुवें केल्लें?”

घरात आम्ही कोकणीच बोलतो, आणि त्या तीन शब्दांचं मराठी करायला मला आजही जमत नाही. त्यात राग नव्हता. दहा वर्षांपूर्वी थंड झालेली पेज तिला आठवली असावी, असं मला वाटलं. मी “हो” म्हटलं. ती म्हणाली, “बाप तो. आणि काय करणार?” एवढ्यात तिने जोएलला माफ केलं. मला राग आला. मी दहा वर्षं ज्यावर झोप घालवली, ते तिने एका वाक्यात सोडवलं, कारण तिने ते फक्त पाहिलं होतं. असं तेव्हा वाटलं. आता तेवढी खात्री नाही. मुलं वाढवलेल्या बाईला त्या प्रसंगातलं कदाचित माझ्यापेक्षा जास्त दिसलं असेल. मी तर धावताना आनंदात होतो.

बाबा गप्प होते. ते आमच्या देवळाच्या उत्सवात चाळीस वर्षं नाटकं करत आले आहेत. एका ऐतिहासिक नाटकात त्यांचा सरदार शेजारच्या पोराला रंगमंचावर मारतो. दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या आजीने त्यांना दारात उभं केलं नव्हतं. मला वाटलं, हा माणूस तरी माझ्या बाजूचा. बघणं आणि करणं यांतला फरक त्यांना कळतो. मी पायावर झाडलेल्या गोळीचं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आमी लोकांखातीर करतात. तुवें कोणाखातीर केलें?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बंद खोलीत, कुणी बघत नसताना, मी ते कुणासाठी केलं? एलीसाठी म्हणावं तर ती पडद्यावरची. गेम पुढे सरकावा म्हणून, असं म्हटलं तर ते त्याहून वाईट.

२०२५मध्ये दुसरं पर्व आलं. जोएल मेला त्यानंतर आईने पुढचं पाहिलं नाही. एका रविवारी दुपारी मी गेम लावला, त्या खोलीच्या दारापर्यंत आणून ठेवला आणि कंट्रोलर बाबांच्या हातात दिला. चालायचं कसं, नेम कसा धरायचा ते दाखवलं. त्यांनी जोएलला आत नेलं, पलंगाजवळ उभं केलं. डॉक्टर तसाच, सुरी धरून.

“दुसरी वाट नाही?”

“नाही, बाबा.”

ते बराच वेळ तसेच बसून राहिले, मी पूर्वी बसलो होतो तसे. मग कंट्रोलर हळूच टीपॉयवर ठेवला, चष्मा पुसला आणि तालमीला निघून गेले. मी बंद करायला हात पुढे केला, पण लगेच केला नाही.