विन्स्टनचा कोनाडा आजच्या फोनला का पुरत नाही

ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीत नायक विन्स्टनचं बंड सुरू होतं ते घराच्या आडनिड्या रचनेमुळे. घरातल्या माणसाला पाहणारा आणि ऐकणारा सरकारी पडदा, म्हणजे टेलिस्क्रीन, भलत्याच भिंतीवर बसवलेला असतो, म्हणून एक कोनाडा त्याच्या नजरेतून सुटतो. तिथे अंग चोरून बसायचं आणि डायरी लिहायची. आवाज तिथूनही ऐकू जातोच, पण निदान दिसत नाही.

आज तो कोनाडा एन्क्रिप्शनने, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवण्याच्या पद्धतीने, दिला, असं अनेकांना वाटतं. मजकूर झाकला जातो हे खरं. पण कोणी कोणाला किती वाजता फोन केला, किती वेळ बोलले, फोन कुठल्या टॉवरच्या हद्दीत होता, एवढ्यावर पाळतीचं बरंचसं काम भागतं. २०१३ साली एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या अमेरिकी गुप्तचर खात्याच्या कागदांतला पहिला गाजलेला आदेश याच नोंदींचा होता: व्हेरायझन या फोन कंपनीने कॉलचा तपशील रोज एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेला द्यायचा. बोलणं त्यात मागितलेलंच नव्हतं. त्याच वर्षी १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवर एक अभ्यास झाला. ठिकाण आणि वेळ यांच्या फक्त चार जोड्या हाती असल्या, तर त्यातली ९५ टक्के माणसं वेगळी काढता येत होती. नाव पुसलं की डेटा निनावी झाला, यावर कोणी विश्वास ठेवू नये.

सिम बदलणं हा हमखास फसणारा उपाय. फोनचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, तोच राहतो, त्यामुळे नवं सिम नेटवर्कला लागताक्षणी जुन्याशी जोडता येतं. दोन फोन एकाच खिशात ठेवले तर टॉवरच्या नोंदींत ते जोडीनेच फिरतात. मोर्चापुरता फोन बंद केला, तर तेवढी मोकळी जागाही नोंदीत उठून दिसते. त्यापेक्षा तो चालू ठेवून घरीच सोडावा. न्यायचाच असेल तर बोटाचा ठसा आणि चेहऱ्याचं लॉक आधीच काढून लांब पासकोड ठेवावा. बोट धरून टेकवता येतं, पासकोड वदवून घेणं त्यामानाने कठीण. हाँगकाँगच्या आंदोलकांनी २०१९ साली कॅमेऱ्यांपुढे छत्र्या धरल्या, त्या जगभर गाजल्या. मला मात्र प्रवासाची नोंद राहू नये म्हणून मेट्रोचं कार्ड बाजूला ठेवून रोखीने एकेरी तिकीट काढण्याची त्यांची सावधगिरी जास्त मोलाची वाटते.

कादंबरीतली दुसरी लपायची जागा म्हणजे दुकानावरची भाड्याची खोली. तिथे टेलिस्क्रीन नसतो, म्हणजे तसबिरीमागे असतो. (रहस्य फोडल्याबद्दल माफी, पण पुस्तकाची पंच्याहत्तरी उलटली.) २०२१ साली उघडकीला आलेलं अ‍ॅनॉम ही फोनसेवा म्हणजे हुबेहूब तीच खोली. गुन्हेगारांत खास सुरक्षित म्हणून खपलेले १२,०००हून जास्त फोन, कॅल्क्युलेटरआड दडवलेलं मेसेजिंग, आणि मेसेजांच्या प्रती एफबीआयच्या हाती.

म्हणून ओळखीतूनच मिळणारं ‘खास’ अ‍ॅप दिसलं की लांब राहावं. ज्याचा कोड सगळ्यांना तपासता येतो आणि जे लाखो लोक साध्या गप्पांसाठी वापरतात, ते घ्यावं. सिग्नल या अशाच मेसेजिंग अ‍ॅपकडे २०१६ साली अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) एका खात्याची माहिती मागवली, तेव्हा द्यायला दोनच तारखा होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. एवढं करूनही घात होतो तो समोरच्याच्या फोनमुळे. तो जप्त झाला की तुमचे जुने मेसेज त्यात जसेच्या तसे सापडतात. आपोआप पुसण्याची मुदत पहिल्या मेसेजआधीच लावावी, कारण नंतर लावली तर आधीचं काहीच पुसलं जात नाही. लॉक स्क्रीनवर मजकूर दिसण्याची सोय दोन्हीकडे बंद हवी.