तुम्ही विचारलंत म्हणून: तेलाच्या कादंबऱ्या कुठून वाचायच्या?

प्रश्न नेहमीचा आहे. तेलाने नासलेल्या आफ्रिकेवरच्या कादंबऱ्या वाचायला घेतल्या तर सुरुवात कुठून करायची, आणि त्यांत सगळीकडे बंदुकाच का दिसतात?

बंदुकीपासून नकोच, मासळीपासून करा. नायजेरियाच्या दक्षिणेला, नायजर नदीच्या मुखाशी, ओलोइबिरी इथे १९५६ मध्ये तेल लागलं आणि १९५८ पासून ते परदेशी जाऊ लागलं. तिथली माणसं खाडीत जाळी टाकणारी, कसावाचे कंद लावणारी. पाइप फुटला की तेल भरतीबरोबर आत शिरतं, ओहोटीला चिखलावर बसतं आणि पुढच्या भरतीला आणखी आत सरकतं. तिवरांची हवेत डोकावणारी मुळं माखली की झाड गुदमरतं. त्या मुळांच्या आडोशालाच मासळीची पिल्लं वाढतात, म्हणजे पुढच्या कित्येक हंगामांची मासळीही गेली. रिकाम्या होडीतला पोरगा तेल कंपन्यांविरुद्ध बंदूक उचललेल्या बंडखोरांकडे का जातो, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून पहिलं पुस्तक काइने अगारी यांचं ‘यलो-यलो’ (२००६). पाइप फुटून आईचं शेत तेलाखाली जातं आणि झिलायेफा नावाची मुलगी पोर्ट हारकोर्ट शहराची वाट धरते. गंमत अशी की २००८ मध्ये या पुस्तकाला जो साहित्य पुरस्कार मिळाला, त्याचा पैसा नैसर्गिक वायू विकणाऱ्या कंपनीचा.

मग हेलॉन हबिला यांचं ‘ऑइल ऑन वॉटर’ (२०१०). एका तेल इंजिनिअरच्या बायकोचं अपहरण झालंय आणि दोन पत्रकार होडीतून तिच्या शोधात निघालेत. काळ सारखा मागेपुढे उड्या मारतो, त्यामुळे वाचक इथे हमखास अडकतात. शेजारी कागद ठेवून प्रत्येक प्रकरणाचं ठिकाण टिपून घ्या, गुंता सुटतो. पण घाईत त्यातल्या एका डॉक्टरच्या गोष्टीची पानं मात्र गाळू नका. गावात तेल लागतं, वायूची ज्वाला रात्रंदिवस पेटते, लोक आनंदाने तिच्या उजेडात जमतात, आणि मग माणसं मरायला लागतात. डॉक्टर तपासण्या करून निष्कर्ष सरकारला पाठवतो. सरकार आभार मानतं आणि कागद कपाटात जातात. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर पुढच्याच वर्षी आलेला संयुक्त राष्ट्रांचा ओगोनी या तिथल्याच तेलपट्ट्यातल्या भागाचा अहवाल पाहा: एका वस्तीच्या पिण्याच्या विहिरींत कर्करोग करणारं बेन्झीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त. ज्वालेमागचं गणितही साधं आहे. तेलाबरोबर वायू वर येतो, तो साठवायला यंत्रणा उभारावी लागते, त्यापेक्षा जाळणं स्वस्त. नायजेरियात १९८४ पासून विनापरवाना जाळायला बंदी आहे, पण परवाने मिळत राहिले आणि दंड किरकोळच राहिला.

या कादंबऱ्यांतली भांडणं समजायला एक कायदेशीर मेख ठाऊक हवी. नायजेरियाच्या १९५६ च्या पाइपलाइन कायद्यानुसार गळती तिऱ्हाइताने मुद्दाम केली असेल तर कंपनीकडून भरपाई नाही. त्यामुळे गंजलेला पाइप की कुणी पाडलेलं भोक, यावर सगळा वाद पेटतो. भोकं पाडणारेही आहेतच. चोरलेलं कच्चं तेल टाकीत तापवायचं, वाफ नळीतून नेऊन पाण्याने थंड करायची, डिझेल विकायचं, उरलेला डांबरासारखा गाळ खाडीत. आपल्याकडच्या हातभट्टीचीच रीत, फक्त स्फोट मोठा. हबिलांच्या कादंबरीत नोकरी गेलेला बाप चोरटं पेट्रोल साठवतो, आणि त्या आगीत मुलीचा चेहरा जळतो.

इम्बोलो म्बुए यांचं ‘हाउ ब्यूटिफुल वी वेअर’ (२०२१) सर्वांत वाचनीय, पण ते नायजेरियाचं समजू नका. कोसावा हे गाव कल्पित, देशाचं नाव दिलेलं नाही, आणि लेखिका कॅमेरूनमधल्या लिंबे या तेलशुद्धीकरणाच्या शहरातली. गावची मुलं ‘आम्ही’ म्हणत एका सुरात गोष्ट सांगतात, हीच त्याची खरी ताकद.

तेल कंपन्यांविरुद्ध ओगोनी लोकांचं आंदोलन उभारणारे लेखक केन सारो-विवा यांना नायजेरियाच्या लष्करी सरकारने १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी दिली, म्हणून लोक त्यांचं ‘सोझाबॉय’ तेलासाठी शोधतात. ते नायजेरियातल्या यादवी युद्धावरचं आहे. उत्तम आहे, पण तेलासाठी नको.

आणि वेळ अर्ध्या तासाचाच असेल, तर बेन ओक्री यांची ‘व्हॉट द टॅपस्टर सॉ’ ही कथा. माडी काढणारा एक माणूस झाडावरून पडतो आणि मेल्यासारखा भलत्याच जगात हिंडू लागतो. तेल कंपनीची पाटी तिथेही त्याची पाठ सोडत नाही.