'ट्रम्पसारखा' ते 'अरे ट्रम्प'

रॅपमधला डोनाल्ड ट्रम्प समजून घ्यायचा तर आधी गाण्याचं साल बघा, मग नावाला काय चिकटलंय ते. १६ जून २०१५ ला ट्रम्पची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर झाली. त्याआधी हे नाव बहुतेक गाण्यांत 'सारखा' घेऊन यायचं: मी ट्रम्पसारखा, माझं घर त्याच्यासारखं. नंतर ते संबोधनात गेलं, आणि संबोधनामागोमाग शिवी आली.

आपल्या इंदूरात श्रीमंती एका नावात सांगायची तर हुकुमचंद शेठ. काच मंदिर दाखवलं की पुढे बोलायला नको. न्यूयॉर्कात १९८३ पासून ट्रम्प टॉवर तेच काम करत होता. नेली या रॅपरने २००० साली 'कंट्री ग्रामर'मध्ये त्याला बिल गेट्सच्या शेजारी बसवलं, पण मागणं एवढंच की आता मलाही आत घ्या. माणसापेक्षा त्याच्या दाराचं कौतुक जास्त.

शिवाय नाव ठेक्याला सोयीचं. चार ठोक्यांच्या आवर्तनात ओळ बहुधा चौथ्यावर आपटते, आणि 'ट्रम्प' एका दमात संपतो. जम्प, पम्प, डम्प ही यमकं तयारच. तिथे 'हुकुमचंद' बसवून बघा, अडखळाल. डफावर पोवाडा म्हणणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. नाव थापेवर यावं म्हणून तो आधीचे शब्द ओढतो नाहीतर कोंबतो.

हे सगळं अज्ञानातून झालं असं मात्र नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका बाईवर बलात्कार झाला आणि काळ्या-लॅटिनो पोरांना पकडलं, त्या प्रकरणात १९८९ मध्ये ट्रम्पने न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन फाशीची शिक्षा परत आणा म्हटलं होतं. त्याच वर्षी बीस्टी बॉइज या रॅप गटाने 'जॉनी रायल' या बेघर माणसावरच्या गाण्यात त्याचं नाव घेतलं. भिया, तो टोमणा आहे, आरती नव्हे.

रॅपर मॅक मिलरचं २०११ चं गाणं नावानेच 'डोनाल्ड ट्रम्प', पण विषय एका पोराची पैशाची भूक. ट्रम्पने आधी पाठ थोपटली, गाणं गाजल्यावर २०१३ मध्ये ट्विटरवर पैसे मागितले.

उलटा काटा फिरला तो २०१६ मध्ये. वायजी आणि निप्सी हसल या रॅपरांच्या 'एफडीटी'चं (एक शिवी आणि 'डोनाल्ड ट्रम्प' यांची आद्याक्षरं) पालुपद म्हणजे शिवी धरून चार उच्चार. मोर्चात घसा बसला तरी ओरडता येतं. अल्बममधल्या आवृत्तीत काही शब्द गाळलेले आहेत, म्हणून दोन्ही आवृत्त्या ऐका. रॅपर एमिनेमने २०१७ मध्ये डेट्रॉइटच्या पार्किंगमध्ये, मागे ठेकाही न घेता, थेट त्यालाच सुनावलं. रॅपर कान्ये वेस्टचं २०१८ चं 'ये व्हर्सेस द पीपल' हा सरळ कलगी-तुरा: एका बाजूला ट्रम्पच्या प्रचाराची लाल टोपी घातलेला कान्ये, दुसऱ्या बाजूला त्याला विरोध करणारा रॅपर टी.आय., आणि निकाल कुणीच देत नाही.

सगळ्यात जास्त चकवतं 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या रॅप गटाचं 'वी द पीपल'. अल्बम आला ११ नोव्हेंबर २०१६ ला, निवडणुकीनंतर तिसऱ्या दिवशी. पालुपदात काळ्यांना, मेक्सिकनांना चालते व्हा म्हणणारा आवाज आहे. तो गाणाऱ्यांचा नाही, त्यांनी सोंग घेतलंय. सोंग कळलं नाही तर हे गाणं ट्रम्पच्याच बाजूचं वाटेल. आणि नुसतं 'ट्रम्प' शोधून यादी करणाऱ्याच्या ते हाताला लागणारच नाही, कारण त्यात हे नाव एकदाही येत नाही.