माया संपली

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. रात्री पावणेदहा.

नणंदेच्या मुलाचं लग्न नऊ दिवसांवर आलंय, म्हणून संध्याकाळी पतसंस्थेतून परस्पर टेलरकाकूंकडे गेले. पिशवीत जांभळ्या पैठणीवरचा ब्लाऊज. काकूंनी तो उलटा केला, बगलेपासून खालपर्यंत शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाल्या, "माया संपली, वहिनी. आषाढात एकदा सोडली, गणपतीत एकदा सोडली. आता उसवायचं म्हटलं तरी आत कापडच नाही."

मला हसू आलं. काकूंना नाही आलं. त्यांच्या धंद्यात माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं दोन बोटं कापड, बाकी काही नाही. त्यांनी टेप घेतली, कमरेभोवती फिरवली आणि वहीत ३६ लिहिलं. त्याच पानावर वर मागच्या वर्षीचं माप होतं, ३०. त्याच्यावर आडवी काट मारली. आणि मग माझं तोंड पडलेलं बघून म्हणाल्या, "तब्येत मात्र लई सुधारली हां तुमची!"

तब्येत. डॉक्टरकडे गेलं की तब्येत म्हणजे प्रकृती आणि लग्नाच्या मांडवात गेलं की तब्येत म्हणजे अंगावरचं मांस. गेल्या वर्षभरात माझ्या दोन्ही तब्येती एकदमच सुधारत गेल्या. लोक कौतुक करतात ते नेमकं दुसरीचं. पहिलीचं कौतुक करायला ती बिघडली होती हे ठाऊक असावं लागतं, आणि ते आम्ही कुणाला सांगितलेलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी आजारी पडले. ताप नाही, खोकला नाही. मी कॅशला बसते. नोटा मोजता मोजता आकडा निसटायचा, परत पहिल्यापासून. समोर रांग. पहाटे तीनला डोळे उघडायचे ते उघडेच. घास तोंडात नुसता फिरायचा. ५८ किलोची ५१ झाले. तेव्हा काउंटरवर बायका विचारायच्या, "डायट करतीयस काय गं? आम्हाला पण सांग की."

डिसेंबरात ह्यांनी मिरजेला नेलं. मिरजेची एक सोय आहे. १८९४ मध्ये तिथं मिशनचं हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून अख्खा जिल्हाच काय, कोकण आणि कर्नाटकही दवाखान्यासाठी मिरजेला येतं. "जरा मिरजेला जाऊन येतो" म्हटलं की कुठल्या डॉक्टरकडे, हे कुणी खोदून विचारत नाही. गुडघे असतील, मूतखडा असेल. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, शेजारी अ‍ॅसिडिटी सांगून ठेवलंय. ती अ‍ॅसिडिटी आजतागायत चालू आहे.

डॉक्टर मॅडमनी उदासीच्या आजारावर रात्रीची एक गोळी दिली, मिर्टाझापिन. झोप आणि भूक दोन्ही परत आणते, पण वजनावर लक्ष ठेवायचं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, सांगितलं होतं. पण भूक लागणार एवढं ऐकूनच हे इतके खूश झाले की येताना पाव किलो पेढे घेऊन आलो.

चौथ्या रात्री मी सहा तास झोपले. सकाळी उठून किती वेळ तशीच पलंगावर बसले होते. काय चुकतंय तेच कळेना. मग कळलं, पाखरांचा आवाज येत होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी.

काल लिहिता लिहिता झोप लागली. आज अर्धा दिवस.

भुकेबद्दल लिहायचं राहिलं. ती साधी भूक नव्हती. साध्या भुकेला भाकरी चालते. ही रात्री गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं यायची आणि तिला गोड नाहीतर कुरकुरीतच लागायचं. आमच्याकडे भडंगाचा मोठा स्टीलचा डबा ओट्याच्या वरच्या फळीवर असतो. सगळे झोपले की मी अंधारात डबा काढायची. झाकण उघडताना वाजू नये म्हणून पदर घालून फिरवायचं. कुरमुरे चावले की आवाज होतो, म्हणून मूठभर तोंडात धरून मऊ होईपर्यंत थांबायचं आणि मग गिळायचं. लसणाचा आणि मेतकुटाचा वास बोटांना राहायचा, तो साबणानं धुवायचा. बेचाळिशीची बाई, दोन मुलांची आई, स्वतःच्याच घरात चोरासारखी उभी.

एके रात्री दिवा लागला. दारात आई. मी तोंड भरलेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, वाटीत घेऊन खा की बसून. उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही." दिवा तसाच ठेवून गेल्या. (अंगी लागलं. सगळं लागलं.)

फेब्रुवारीत ५८ झालं तेव्हा घरात आनंद. एप्रिलमध्ये ६१. जूनमध्ये ६४. ह्यांनी हौसेनं वजनकाटा आणलेला, तो मी रोज सकाळी, कधी कधी दिवसातून तीनदा बघायला लागले. आम्हा सांगलीकरांना पावसाळ्यात आकडा बघत बसायची सवयच आहे. आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं होतं आणि आमच्या तळमजल्यावर नुसता चिखल उरला होता. तेव्हापासून गल्लीतलं शेंबडं पोरगंसुद्धा "कोयनेतून किती सोडलंय?" विचारतं. काट्यावर उभी राहिले की माझ्या पोटात तसंच व्हायचं. मनातल्या मनात मी पासष्टला धोका ठरवून टाकलेलं.

ऑगस्टमध्ये ६६.

आणि मी गोळी बंद केली. कुणाला विचारलं नाही. मिरजेच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या मधे, दोन्ही वेळा मॅडमनी "बाकी काही त्रास?" म्हणून विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी "नाही, छान आहे" म्हणून उठले. काय सांगणार होते? ज्या बाईनं मला मरगळीतून ओढून काढलं, तिला म्हणायचं, मॅडम, माझे ब्लाऊज होईनात? फार क्षुद्र वाटायचं ते. दुसरा रुग्ण बाहेर रडत बसलेला असतो आणि आपण कमरेचं माप काढायचं.

पहिल्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या रात्री उशिरा झोप लागली. तिसऱ्या रात्री नाहीच लागली. मळमळ, छातीत धडधड, अंगावर कुणी नजर ठेवून आहे असा अस्वस्थपणा. सकाळी धाकट्याचं दप्तर सापडेना तर त्याच्यावर असं ओरडले की तो दप्तर न घेताच दाराबाहेर जाऊन उभा राहिला. पाचव्या दिवशी कॅशमध्ये दोन हजाराचा फरक. मला वाटलं, आजार परत आला.

त्या रात्री दोन वाजता गच्चीवर जाऊन १४४१६ लावला. टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारची फुकट हेल्पलाइन, २०२२ पासून आहे. आमच्या पतसंस्थेच्या नोटीस बोर्डावर तिचा कागद कितीतरी महिने होता, मी त्याच्यावरच सुट्ट्यांची यादी चिकटवली होती. पलीकडून एक मुलगी बोलली, मराठीतच. तिनं उपदेश केला नाही. गोळी कुठली, किती दिवस घेतली, एकदम सोडली की हळूहळू, जीव नकोसा वाटतोय का, हे सगळं विचारलं. मग म्हणाली, "ताई, अचानक बंद केली की असं होऊ शकतं. तुमचा आजार परत आलाय असं आत्ताच धरून चालू नका. उद्या तुमच्या डॉक्टरांना गाठा, आणि बंद का केली तेही सांगा." तेही सांगा, हे तिनं दोनदा म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार.

तेव्हा, ऑगस्टात, मॅडमपुढं बसल्यावर मी शेवटी म्हणाले, "वजनामुळं सोडली." आणि रडले.

त्या रागावतील असं वाटलेलं. त्यांनी केसपेपर उलगडला, पेन घेतलं आणि सरळ वजाबाकी मांडली. "तुमचं मूळ वजन ५८. माझ्याकडे आलात तेव्हा ५१. म्हणजे पहिले सात किलो तुमचेच होते, ते घरी परत आले. त्यांच्याबद्दल मी तुमचं ऐकून घेणार नाही. वरचे आठ. त्याच्याबद्दल बोलू."

माझ्या डोक्यात पंधरा किलोचं एक भूत होतं. त्याचं एकदम आठ झालं.

मग त्यांनी समजावलं, तेही इतकं साधं की मला वाटलं हे मी आधी का नाही विचारलं. मेंदूत हिस्टामिन नावाचं रसायन असतं. ते माणसाला जागं ठेवतं आणि भुकेला लगाम घालतं. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते ती त्यालाच अडवल्यामुळं. माझी रात्रीची गोळी तेच दार लावते. म्हणून झोप येते आणि म्हणूनच भडंगाचा डबा उघडतो. "हा तुमचा हावरटपणा नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य मला डिसेंबरातच ऐकायला आवडलं असतं. पण तेव्हा माझ्या कानात शिरलं असतं का, देव जाणे.

मी विचारलं, वजन न वाढवणारी गोळीच नाही का? आहे म्हणाल्या, बुप्रोपिऑन. २०२४ मध्ये अमेरिकेत उदासीवरच्या आठ औषधांची तुलना झाली होती, एक लाख ऐंशी हजारांहून जास्त लोकांची. त्यात तिच्यावर वजन सगळ्यात कमी वाढलं. एसिटालोप्राम, पॅरोक्सेटिनवर सर्ट्रालिनपेक्षा जरा जास्त. माझी मिर्टाझापिन त्या आठात नव्हतीच, पण तिची कीर्ती आधीपासूनची आहे. मी लगेच म्हटलं, मग बुप्रोपिऑन द्या. तेव्हा त्यांनी विचारलं, कधी फिट आली होती का? लहानपणी तापात आली होती, आई सांगायची. मग नको, त्या गोळीनं फिटचा धोका वाढतो, म्हणाल्या. एका प्रश्नात निकाल. मी स्वतःच मोबाइलवर वाचून ठरवायला निघाले होते ते आठवून पोटात गोळा आला.

रक्त तपासलं. थायरॉइड कमी पडत असेल तर उदासीही येते आणि वजनही वाढतं, म्हणून टीएसएच आधी. तो ठीक निघाला. तीन महिन्यांची साखर मात्र ५.८, काठावर. कमरेचं माप घेतलं तर ९१ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांचं ८० च्या आत पाहिजे म्हणतात. काट्यापेक्षा हे माप जास्त बघा, असं मॅडम म्हणाल्या. म्हणजे टेलरकाकूंची वही ही खरी तर केसपेपरच.

रात्रीची गोळी आठवड्या-आठवड्यानं उतरवत नेली आणि सकाळची सर्ट्रालिन सुरू केली. सगळं त्यांच्या हातानं, कागदावर तारखा घालून. नवीन गोळीनं पहिला आठवडा पोट बिघडलं. ते गेलं.

बाकी जे करते त्यात काही मोठं नाही. सकाळी सहाला घाटावरच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडून आयर्विनवरून सांगलवाडीपर्यंत जाऊन परत. जेवण साडेसातला, आधी आमटी-उसळ, मग भाकरी. काटा ह्यांनी माळ्यावर टाकलाय, दर रविवारी उतरवायचा.

आज उतरवला. ६४.४. तीन महिन्यांत दीड किलो. एवढ्या वेळात नदी चाळीस फूट चढून उतरते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे वाढायची थांबली की!" हा माणूस पेला नेहमी भरलेलाच बघतो, कधी कधी राग येतो. पण खरंय, थांबलं.

रात्रीची भूकही तशी गेली. तशी.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

काकूंनी ब्लाऊजला दोन्ही बगलांत जांभळ्या कापडाची पट्टी जोडून दिली. हात खाली ठेवला तर दिसत नाही. नवीन शिवायला टाकलाय त्याला म्हटलं, माया भरपूर ठेवा. "वाढवायला का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठेवा तर खरं.

२३ नोव्हेंबर, रविवार. रात्री, पाय दुखतायत.

मांडवात अकरा जणींनी तब्येत सुधारली म्हणून सांगितलं. मी मोजत होते. बारावी माझी आत्तेबहीण इचलकरंजीची. तिनं मला बाजूला ओढलं आणि हळूच म्हणाली, "तू पण कुठली तरी गोळी घेतीस काय गं? मी घेते. माझं नऊ वाढलंय." आम्ही दोघी अक्षता पडेपर्यंत स्वयंपाकघरामागं पाण्याच्या टाकीजवळ उभ्या होतो. अक्षता चुकल्या. नणंद चिडली आहे.

तिनंही डॉक्टरांना सांगितलेलं नाही. मंगळवारी जाते म्हणाली. मी बुधवारी फोन करणार आहे.

हात वर करून फोटो काढायचा होता तेव्हा पट्टी दिसली असणार. असो.

ता. क. भडंगाचा डबा आईंनी देवघराच्या खालच्या कप्प्यात, निरांजनांच्या मागं लपवलाय. मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.